विषय: पुन्हा दोन्ही सेशन अडकलीत, यादी आज जायची आहे

सचिव:
मंडळी, सर्व्हर रिमोट डेस्कटॉपने (घरच्या संगणकावरून) आत घेत नाही. दोन जण आधीच आहेत म्हणतो. जे कोणी आत असतील त्यांनी बाहेर या, नाहीतर मी सरळ रीस्टार्ट मारते.

खजिनदार:
ताई, रीस्टार्ट नको! हिशोबाचा बॅकअप चालू आहे. मीही आत नाही, माझी खिडकी केव्हाच बंद केली आहे.

संकेतस्थळ समिती:
काका, घोळ तिथेच आहे. फुलीवर क्लिक केल्याने सेशन फक्त तुटतं, संपत नाही. आतले प्रोग्राम चालूच राहतात आणि जागाही अडलेली राहते. आपल्या सर्व्हरवर सेशन होस्टचा रोल (जास्त जणांना एकदम आत घेणारी सोय) नाही, त्यामुळे एका वेळी दोनच सेशन मिळतात, आणि आपल्याकडे तुटलेलं सेशनही त्या दोनात मोजलं जाताना दिसतंय. बाहेर पडायचं तर स्टार्ट मेनूतून साइन आउट. हे मागच्या निवडणुकीच्या वेळीही लिहिलं होतं.

ताई, आत न जाता काम होईल. व्हीपीएन (बाहेरून आपल्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) जोडा, ॲडमिन हक्काने कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'क्वेरी यूझर' लिहून पुढे /सर्व्हर: आणि सर्व्हरचं नाव द्या. 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर सर्व्हरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) 'टर्मिनल सर्व्हर' या नोंदीखाली 'अलाउ रिमोट आरपीसी' १ लागतं. ते मी आधीच करून ठेवलं आहे.

मला आत्ता दिसतंय ते असं ('डिस्क' म्हणजे डिसकनेक्टेड, तुटलेलं):

हिशोब — आयडी २ — डिस्क — रिकामा वेळ ३:४०
अंक — आयडी ३ — ॲक्टिव्ह — रिकामा वेळ १+०४:१२

१+०४:१२ म्हणजे एक दिवस, चार तास, बारा मिनिटं. इतका वेळ कळफलकाला हात न लावता कोणी 'ॲक्टिव्ह' बसत नाही. हे भूत आहे, माणूस नसलेलं सेशन. अंकवाल्यांची हरकत नसेल तर 'लॉगऑफ ३', पुढे /सर्व्हर: आणि नाव. जागा लगेच सुटेल.

एक सूचना. 'क्वेरी सेशन'मध्ये आयडी ० आणि ६५५३६ सुद्धा दिसतात. शून्यात सर्व्हिसेस चालतात, ६५५३६ हा नव्या जोडण्या ऐकणारा लिसनर आहे. दोघांना हात लावू नका.

अंक समिती:
थांबा, ३ उडवू नका! त्यात मुखपृष्ठाची फाइल उघडी आहे, सेव्ह केली की नाही खात्री नाही. आणि आम्ही काही सोडून गेलो नव्हतो. आमची जोडणी सारखी आपोआप तुटते, दर वेळी काम अर्ध्यावर. आधी ते बघा, मग आम्हाला शिस्त शिकवा.

संकेतस्थळ समिती:
ताई, मग आधी तुम्हीच अंक खात्याने पुन्हा आत जा. जुनं सेशन जसंच्या तसं समोर येईल. फाइल सेव्ह करा, साइन आउट करा. लॉगऑफने न सेव्ह केलेलं सगळं जातं, हे खरं.

आता 'आपोआप'चं बघू. सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअर (घटनांची नोंदवही) उघडा, मग ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्स, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, टर्मिनल सर्व्हिसेस लोकल सेशन मॅनेजर, ऑपरेशनल. तिथे नोंद क्रमांक २१ म्हणजे साइन इन, २३ साइन आउट, २४ तुटलं, २५ पुन्हा जोडलं. आणि ४० मध्ये तुटण्याचं कारण आकड्यात येतं. कारण ३ असेल तर रिकामं बसल्याने सर्व्हरने काढलं. ५ असेल तर दुसऱ्या जोडणीने तेच सेशन हिसकावलं. ० असेल तर सर्व्हरलाही काही कळलेलं नाही, बहुधा नेटवर्क.

अंक खात्याच्या बहुतेक नोंदी ५ आहेत. म्हणजे नेट तुटत नाही. तुम्ही तिघं एकच खातं वापरता, आणि एका खात्याला एकच सेशन हे बंधन मुळातच चालू असतं. दुसरी व्यक्ती आत आली की पहिलीच्या हातातलं सेशन जातं. बंधन काढलं तर दोघींनी दोन्ही जागा भरतील, बाकीचे बाहेर. तिघांना तीन वेगळी खाती, हाच उपाय.

अंक समिती:
वेगळी खाती म्हणजे फॉन्ट आणि टेम्प्लेट तीनदा बसवायचे?

संकेतस्थळ समिती:
फॉन्ट 'सर्व वापरकर्त्यांसाठी' बसवा, एकदाच पुरतो. टेम्प्लेट सामायिक फोल्डरमध्ये ठेवा.

खजिनदार:
भूत का झालं ते मात्र कोणी सांगितलं नाही. माझं सेशन 'डिस्क' दिसतं, त्यांचं 'ॲक्टिव्ह'. दोघांच्याही खिडक्या बंदच आहेत ना?

संकेतस्थळ समिती:
काका, तुम्ही खिडकी बंद केलीत तेव्हा सर्व्हरला तसा निरोप गेला. त्यांच्याकडे यावेळी व्हीपीएन मध्येच पडलं असणार, निरोप गेलाच नाही. सर्व्हर समजतो माणूस बसलाय, फक्त काही टाइप करत नाही. म्हणून नुसती 'तुटलेल्या सेशनची मुदत' लावून भागत नाही. तिचं घड्याळ सेशन 'डिस्क' झाल्यावरच सुरू होतं. आधी 'कीप-अलाइव्ह' लावायचं: ग्रुप पॉलिसीत (सर्व्हरचे नियम ठरवायच्या जागी) रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, कनेक्शन्स, अंतर १ मिनिट. मग सर्व्हर स्वतः चाचपून बघतो आणि मेलेली जोडणी 'डिस्क' करतो. त्यानंतर शेजारच्या 'सेशन टाइम लिमिट्स'मध्ये तुटलेल्या सेशनला १ तास. तुमच्या संगणकाकडून २० वेळा, दर ५ सेकंदांनी पुन्हा जोडायचा प्रयत्न होतो, म्हणजे साधारण शंभर सेकंदांचा झटका तसाही निभावतो. तास पुष्कळ झाला.

खजिनदार:
एक तास चालणार नाही. बॅकअप चार-पाच तास जातो. तासाने सेशन संपवलंत की बॅकअप मेला. हिशोबाच्या बाबतीत मला विचारल्याशिवाय पॉलिसी बदलू नये, हे कार्यकारिणीत ठरलेलं आहे.

संकेतस्थळ समिती:
ठरलेलं मान्य. पण बॅकअप मुळात सेशनमध्ये चालवायचाच नसतो. टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीत) टाका, 'वापरकर्ता लॉग ऑन असो वा नसो' हा पर्याय निवडा. मग तुम्ही आत असा, नसा, साइन आउट करा, त्याला फरक पडत नाही. एकच फसगत होते: तिथे झेड ड्राइव्ह (नेटवर्कवरच्या फोल्डरला दिलेलं अक्षर) दिसत नाही, कारण ड्राइव्हची जोडणी तुमच्या लॉगऑनपुरती असते. पूर्ण नेटवर्क मार्ग द्या, दोन उलट्या तिरप्या रेघांपासून सुरू होणारा. 'रिकामं बसण्याची' मुदत मी लावत नाहीये. ती फक्त कळफलक आणि माउस बघते, आत प्रोग्राम राबतोय की नाही हे बघत नाही.

माजी सचिव:
म्हणून मी लिनक्स सुचवलं होतं. एक्सआरडीपी (लिनक्सवरचा रिमोट डेस्कटॉप सर्व्हर) टाका, दोनची मर्यादाच नाही.

संकेतस्थळ समिती:
काका, मर्यादा नाही म्हणून भुतं जास्त साठतात. तिथेही सेसमन डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये 'किल डिसकनेक्टेड' मुळात बंद असतं, ते चालू करून मुदत सेकंदांत द्यावी लागते. शिवाय रंगांची खोली बदलून जोडलं तर जुनं सेशन न मिळता नवंच उघडतं. आणि हिशोबाचा प्रोग्राम तिथे चालत नाही, हा विषय तेव्हाच संपला.

माजी सचिव:
संपला नव्हता, पुढे ढकलला होता.

खजिनदार:
शेड्यूलरमध्ये टाकतो. पण मुदत १ तास नाही, ३ तास. पहिला महिना बॅकअपची नोंद मी रोज बघणार, मग कमी करू.

संकेतस्थळ समिती:
३ तर ३. यादीत तो पर्याय आहे. रजिस्ट्रीतून लावलंत तर मिलिसेकंदांत, १०८००००० लिहा. एक शून्य कमी पडलं तर तुटलेलं सेशन १८ मिनिटांतच संपेल.

आणि लॉगऑफ दिल्यावरही एखादं सेशन अडकूनच राहिलं, तर 'क्वेरी प्रोसेस /आयडी:' ने त्यातल्या प्रक्रिया बघा आणि फक्त त्याच सेशनचा विनलॉगऑन (साइन इन सांभाळणारी प्रक्रिया) मारा. शेजारचा सीएसआरएसएस (विंडोजची मूलभूत प्रक्रिया) मारू नका, अख्खा सर्व्हर निळा पडदा दाखवून बंद पडेल.

अंक समिती:
मुखपृष्ठ सेव्ह झालं. साइन आउट केलं, फुलीने नव्हे. ताई, जा आता.

सचिव:
गेले आत, यादी उघडली. पण माझा प्रिंटर दिसत नाही.

संकेतस्थळ समिती:
जोडताना 'शो ऑप्शन्स', 'लोकल रिसोर्सेस', तिथे प्रिंटरची खूण आहे का बघा. नसेल तर करा आणि बाहेर पडून पुन्हा जोडा. पण आधी यादीची पीडीएफ करून स्वतःला मेल करा. आणि बाहेर पडताना—

सचिव:
साइन आउट. कळलं हो.