सफाईचे कंत्राट बदलताना शहर प्रशासन कामगारांसाठी नेमके काय करू शकते?

खिडकीतला_दिवा (सॅन फ्रान्सिस्को)
नमस्कार मंडळी. माझ्या कार्यालयाच्या इमारतीतील रात्रीच्या साफसफाईचे कंत्राट पुढच्या महिन्यात दुसऱ्या ठेकेदाराकडे जाणार आहे. आमच्या मजल्यावर अकरा वर्षे काम करणाऱ्या बाई मूळच्या एल साल्वादोरच्या असून युनियनच्या सभासद आहेत. पगारापेक्षाही, नवऱ्याच्या मधुमेहाची औषधे ज्या विम्यातून मिळतात तो जाईल, याची त्यांना अधिक धास्ती आहे. शहराचे लोकप्रतिनिधी युनियनच्या मोर्चात येऊन भाषणे करतात, हे मी पाहिले आहे. परंतु इमारतीचा मालक खासगी आणि ठेकेदारही खासगी असताना, पाठिंब्याच्या ठरावापलीकडे शहराच्या हातात खरोखर काही असते का?

कलम_वाचक
असते, आणि तुमच्याच शहरात ते 1998 पासून आहे. त्या स्थानिक कायद्यानुसार सफाईचे कंत्राट बदलले, तर नव्या ठेकेदाराला आधीच्या कामगारांना 90 दिवस कामावर ठेवावे लागते. न्यूयॉर्क शहराने 2002 मध्ये असाच कायदा केला. त्याच वर्षी जानेवारीपासून संपूर्ण कॅलिफोर्नियातही तशी तरतूद लागू झाली, मात्र तिच्यातील मुदत 60 दिवसांची आहे. राज्याच्या कायद्याप्रमाणे जुन्या ठेकेदाराने प्रत्येक कामगाराचे नाव, कामाला लागल्याची तारीख आणि कामाचा प्रकार नव्या ठेकेदाराला कळवायचा असतो. माणसे कमी लागणार असतील, तर निवड ज्येष्ठतेनुसार होते. तेव्हा बाईंच्या कागदपत्रांवर रुजू होण्याची कोणती तारीख आहे, हे आजच पाहून घ्यावे.

मोर्चातील भाषणांना कायद्याची मर्यादा असते, हेही खरे. लॉस एंजेलिसने एका टॅक्सी कंपनीच्या परवान्याचे नूतनीकरण तिथला संप मिटण्याशी जोडले होते. वाटाघाटीत असा हात घालण्याचा अधिकार शहराला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये दिला. ठेकेदाराला अमुक पगार मान्य करायला शहर भाग पाडू शकत नाही. सर्व ठेकेदारांना सारखाच लागू होणारा नियम मात्र ते करू शकते.

दवाखाना_डायरी
विम्याविषयी लिहितो. सॅन फ्रान्सिस्कोने 2006 मध्ये केलेल्या कायद्यानुसार, 20 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या खासगी मालकाने कामाच्या प्रत्येक तासामागे ठरावीक रक्कम कामगाराच्या आरोग्यावर खर्च केलीच पाहिजे. ती विम्याच्या हप्त्यात भरावी किंवा शहराच्या योजनेत जमा करावी. उपाहारगृहांच्या संघटनेने हा कायदा न्यायालयात नेला होता, पण तो टिकला. विमा नसलेल्यांना उपचार मिळवून देणारा शहराचा ‘हेल्दी सॅन फ्रान्सिस्को’ हा कार्यक्रमही आहे आणि त्यात स्थलांतरितांची कागदपत्रे आड येत नाहीत. मात्र तो विमा नव्हे, शहराबाहेर त्याचा उपयोग नाही. कुटुंबासाठीचा खरा विमा युनियनने ठेकेदारांशी केलेल्या करारातून येतो. म्हणून नवा ठेकेदार त्या करारात सहभागी आहे का, हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला असता.

ह्यूस्टनकर
तुमच्याकडचे कायदे वाचून हेवा वाटला. आमच्याकडे 2006 मध्ये सुमारे 5,300 सफाई कामगारांचा लढा झाला, तेव्हा असे काहीच हाताशी नव्हते. जवळपास महिनाभर संप चालला आणि नोव्हेंबरमध्ये रस्ता अडवणाऱ्या 44 जणांना अटक झाली. त्यांच्यासाठी प्रत्येकी 8,88,888 डॉलर इतका जामीन मागितला गेला! (हा आकडा मी चुकून लिहिलेला नाही.) स्थानिक प्रशासन म्हणजे केवळ महापौर नव्हे, पोलीस आणि सरकारी वकीलही त्याचेच भाग असतात. तरीही तडजोड झाली, तासाचे वेतन टप्प्याटप्प्याने 7.75 डॉलरपर्यंत गेले आणि 2009 पासून महिना 20 डॉलरमध्ये कामगारापुरता विमा ठरला.

खिडकीतला_दिवा
सर्वांचे आभार. नवा ठेकेदार युनियनच्या करारात आहे, असे कळले. बाईंच्या पगारपत्रकावर मात्र रुजू होण्याची तारीख चार वर्षांपूर्वीची निघाली, कारण मधे एकदा ठेकेदार बदलला होता आणि त्या वेळी सगळ्यांची नोंद नव्याने झाली. मग आधीची सात वर्षे गेली का?

कलम_वाचक
लगेच हार मानू नका. सेवाज्येष्ठता ठेकेदारावरून मोजायची की इमारतीवरून, याचे कलम युनियनच्या करारात शोधा. इमारतीवरून असेल, तर जुनी पगारपत्रके घेऊन यादी नव्या ठेकेदाराकडे जाण्याआधी तारीख दुरुस्त करून घ्यायला युनियनच्या प्रतिनिधीला सांगा.