मदत हवी आहे : लॅबमधल्या दोन मुली मागे पडतायत

दीपशिखा :
माझ्याकडे कॉम्प्युटर सिक्युरिटीत संशोधन करणाऱ्या दोन मुली आहेत. दोघीही घरातल्या पहिल्या पदवीधर, एक नंदुरबारकडच्या पाड्यावरची. गेटला गुण उत्तम. पण लॅब मीटिंगमध्ये तोंडातून शब्द निघत नाही, बाकीची मुलं पुढे गेली. शुक्रवारी समितीसमोर रिव्ह्यू आहे. सोडून जातील अशी भीती वाटते. लवकर सांगा.

गणकयंत्र :
एम.टेक. की पीएच.डी.? विषय? लॅपटॉप कोणते आहेत?

जुना_लिनक्सवाला :
सीटीएफ, म्हणजे हॅकिंगची कोडी सोडवायच्या स्पर्धा, खेळायला लावा. सरावाला आधी बँडिट, मग पिकोसीटीएफ या साइट. मी असाच शिकलो, बाकी सगळं आपोआप येतं.

दीपशिखा :
एम.टेक., बायनरी अ‍ॅनालिसिस. म्हणजे सोर्स कोड हाताशी नसताना तयार प्रोग्राम तपासणं. सीटीएफची टीम आहेच, या दोघी त्यात नाहीत.

मुग्धा_प :
का नाहीत? टीम बसते कुठे, कधी?

दीपशिखा :
शनिवारी रात्री, मुलांच्या होस्टेलवर.

मुग्धा_प :
मग ताई, मुलींचं होस्टेल कितीला बंद होतं? स्पर्धा बहुधा २४ किंवा ४८ तास चालतात. घिड्रा (प्रोग्राम उलगडून बघायचं टूल) उघडून एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकावत जे कळतं, ते कुठल्याच कोर्समध्ये नसतं. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याच रात्रीचं बोलणं पुढे चालतं. या मुली बोलणार काय? टीम दिवसा लॅबमध्ये बसवा.

जुना_लिनक्सवाला :
शिकायचं असेल तो कुठेही शिकतो. वेगळी वागणूक दिली की कायमचा शिक्का बसतो.

रानवाट :
शिक्का आधीच बसलेला असतो, दादा. लॅबमध्ये मला पहिला प्रश्न 'कोट्यातून का?' हाच आला होता. माझ्या गाइड दर आठवड्याला फक्त माझ्यासोबत एक संशोधन-पेपर घेऊन बसायच्या, मराठीत. यूजनिक्स या कॉम्प्युटरवाल्यांच्या संघटनेच्या परिषदांचे पेपर २००८ पासून सगळ्यांना मोफत आहेत. प्रत्येक पेपरात 'हल्लेखोराच्या हातात नेमकं काय आहे' एवढंच आधी शोधायचं. ते जमायला लागल्यावर मी मीटिंगमध्ये प्रश्न विचारायला लागले.

विदर्भ_एक्सप्रेस :
सीईएच (एथिकल हॅकिंगचं सर्टिफिकेट) करून घ्या, नोकरी लागेल. शिवाय बार्टी या सरकारी संस्थेची फेलोशिप बघा.

मुग्धा_प :
बार्टीची फेलोशिप पीएच.डी.साठी असते, मुली एम.टेक.ला आहेत. आणि नोकरीचं कोणी विचारलंय?

गणकयंत्र :
लॅपटॉपचं उत्तर राहिलं.

दीपशिखा :
एकीचा ४ जीबी रॅमचा. दुसरीकडे लॅपटॉप नाहीच, लॅबचा वापरते.

गणकयंत्र :
४ जीबीत व्हर्च्युअल मशीन आणि घिड्रा एकत्र चालायचं नाही. लॅबच्या सर्व्हरवर दोघींना एसएसएच खातं (लांबून लॉग-इन करायला) द्या, आणि जिच्याकडे लॅपटॉप नाही तिला लॅबचा एक होस्टेलवर नेऊ द्या. सरावाला अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाचं पोन कॉलेज (pwn.college) आहे, ते ब्राउझरमध्येच चालतं. मोफत.

जुना_लिनक्सवाला :
सर्व्हरवर डेबियन लिनक्सच टाका. उबुंटू नको.

दीपशिखा :
खाती आजच देते, टीमच्या वेळेचंही बोलते. पण शुक्रवारचं काय? समिती पुढे ढकलणार नाही.

रानवाट :
अपुरं काम आहे तसं दाखवू द्या मॅडम. प्रोग्राम कुठे क्रॅश होतो, काय करून पाहिलं, कुठे अडलं. गुरुवारी एकदा फक्त तुमच्यासमोर बोलून घ्या, आणि समितीतल्या एकाला तरी आधी सांगून ठेवा की मराठीत उत्तर आलं तरी चालेल.