मोठ्या गटाचं टाचण तीन स्तरांत कसं काढता?

बालवर्ग_इचलकरंजी

नमस्कार. इचलकरंजीत एका मराठी शाळेत मोठ्या गटाला शिकवते. दुसरंच वर्ष. पटावर ३१ मुलं. मदतीला एक मावशी, त्याही निम्मा वेळ छोट्या गटात.

यंदा जूनपासून रोजचं टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, तीन स्तरांत काढायचं फर्मान आहे. म्हणजे ‘५ ची ओळख’ असेल तर पुढच्यांसाठी वेगळं, मधल्यांसाठी वेगळं, मागच्यांसाठी वेगळं. उद्दिष्टं तीन, साहित्य तीन, नोंदी तीन, बसायची टेबलंही वेगवेगळ्या रंगांची. रविवारी रात्री घरचे झोपले की मी वही घेऊन बसते, आणि सोमवारी परिपाठ संपेपर्यंत त्या टाचणाचे बारा वाजलेले असतात.

माझी खरी अडचण लिहिण्याची नाहीच. मुलं त्या रकान्यांत बसत नाहीत. एक जण आजोबांच्या मांडीवर बसून पेपर वाचायला शिकलाय, मथळे खणखणीत वाचतो. पण त्याला डब्याचं झाकण उघडत नाही आणि खडू मुठीत धरतो. तो पुढचा की मागचा? एका मुलीच्या घरी कन्नड बोलतात, आईवडील दोघं मागावर. जूनपासून वर्गात तीनेक शब्द बोलली असेल, त्यातला एक ‘शू’. तिला मी मागच्या गटात लिहिलंय. बरं, वयाचा हिशोब ३१ डिसेंबरला धरायचा, त्यामुळे जानेवारीतलं मूल आणि डिसेंबरातलं मूल शेजारी शेजारी बसतात. पाच वर्षांच्या जिवाला अकरा महिने म्हणजे केवढे!

परवा एकाने विचारलं, “बाई, पिवळ्या टेबलावरची पोरं ढ असतात ना?” मी हा शब्द वर्गात कधी उच्चारलेला नाही. तो स्वतः पिवळ्या टेबलावर बसतो. त्या दिवसापासून झोप नीट लागत नाही. तुम्ही कसं करता?

निवृत्तबाई_डहाणू

अगं, आधी ती टेबलं हलव. उद्याच. टाचणाचं नंतर बघू.

मी ३४ वर्षं बालवाडीत काढली. मूल पुढे-मागे नसतं, एकेका गोष्टीत पुढे किंवा मागे असतं. तुझा पेपरवाला डोळ्याने पुढे आहे, बोटाने मागे आहे. त्याला वाचनाच्या वेळी जाडं पुस्तक दे आणि हातकामाच्या वेळी कणीक मळायला बसव. कागद फाडू दे, ओला स्पंज बादलीत पिळू दे. खडू सुधारायचा तर खडूपासून सुरुवात करू नकोस.

आता टाचण. तीन पाठ लिहू नकोस. एकच लिही, पण साहित्य असं निवड की त्याला खाली-वर पायऱ्या असतील. माझं सगळ्यात लाडकं म्हणजे चिंचोके. फोडलेला चिंचोका एका बाजूने पांढरा, एका बाजूने तपकिरी. असे पाच अर्धुके मुठीत घेऊन फरशीवर टाकायचे. एखादं मूल नुसते पांढरे वेगळे करून रांग लावतं, त्याला तेवढं पुरे. दुसरं ‘एक, दोन, तीन’ मोजतं. तिसऱ्याच्या लक्षात येतं की तीन पांढरे पडले की दोन तपकिरी असतातच. आणि एखादं डोळे मिटून म्हणतं, “चार पांढरे सांग, मी तपकिरी सांगतो.” बेरीज-वजाबाकी तिथेच झाली. चौघंही एकाच चटईवर बसलेली असतात, कोणाला कळतही नाही की कोण कुठल्या पायरीवर आहे. तुला मात्र कळलं पाहिजे, बाकी कुणाला नको.

ते कसं कळणार? ३१ मुलांकडे एका दिवसात बघता येत नाही, बघितल्याचं नाटक होतं. रोज चार मुलं ठरव. त्या दिवशी फक्त त्यांच्याकडे नीट बघ आणि एकेक ओळ लिही. ‘हुशार’, ‘मंद’ असलं नको. ‘सातनंतर नऊ म्हणाला’ असं लिही. आठ दिवसांत पट पूर्ण होतो. गट करायचे ते त्या ओळींवरून, त्या एका खेळापुरते. खेळ संपला, गट मोडला.

आणि त्या मुलीचं. ती घरी कुठल्या भाषेत मोजते हे तू विचारलंस का? मुकी आहे म्हणून मागची, हा आपला नेहमीचा घोटाळा. आमच्याकडे वारली बोलणारी पोरं यायची, प्रमाण मराठीत गप्प. झाडाखाली नेलं की दहा पाखरांची नावं सांगायची. बालशिक्षणातल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली आमच्या भागात बोर्डीला काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा घेऊन गेल्या. माझ्या उमेदवारीच्या वर्षांत आमच्या मोठ्या बायका हे पुन्हापुन्हा सांगायच्या. तेव्हा कंटाळा यायचा, आता मीच सांगते.

सेविका_परभणी

आमच्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची सगळी एकाच खोलीत, त्यामुळे आम्हाला ‘स्तर’ हा शब्द येण्याआधीपासून तेच करावं लागतं. बडबडगीत एकच, लहान नुसते हात हलवतात, मोठे शब्द पाडून दुसरे घालतात. बाईंचं पटलं. पण एक सांगते, चिंचोके छोट्यांच्या हाती देऊ नका. मागल्या साली एकाने नाकात घातला, त्याला तालुक्याला न्यावं लागलं आणि खिचडी करपली ती वेगळीच. तीन वर्षांच्यांना बाटलीची मोठी झाकणं द्या.

आणखी एक, मोठ्या मुलांना छोट्यांचं ‘शिकवणं’ फार लावू नका. दोन दिवस हौस असते, मग त्यांचंच राहून जातं.

दोन_पोरांचा_बाप

मी शिक्षक नाही, त्यामुळे रागावू नका. हे सगळं छान आहे, पण पहिलीत सगळ्यांना एकच पुस्तक नि एकच चाचणी. मग आत्ताच सगळ्यांना सारखं का नको? आमच्या धाकट्याला शेजारच्या मुलापेक्षा सोपी कागदं मिळतात हे बायकोला वॉट्सॲपवर कळलं, तेव्हा घरात जो काही गोंधळ झाला तो इथे लिहीत नाही.

निवृत्तबाई_डहाणू

रागावत नाही. पण एकाच मापाचे बूट सगळ्यांना घालून पहिलीत धावायला लावलं तर पडेल कोण? ज्याच्या मापाचे नाहीत तोच. तुमचा मुद्दा कागदांबद्दल मात्र बरोबर आहे. कागद घरी गेला की तुलना होणारच. म्हणून मोठ्या गटात कागद कमी, वस्तू जास्त. चटईवर काय झालं त्याचा फोटो कोणी ग्रुपवर टाकत नाही.

बालवर्ग_इचलकरंजी

बारा दिवसांनी लिहितेय. टेबलांचे रंग काढले. मुख्याध्यापिकाबाईंनी टाचणातला तिसरा रकाना रिकामा बघून लाल शेरा मारला. मग त्यांना चटईजवळ बसवलं. त्या पंधरा मिनिटं बसल्या आणि स्वतः दोन डाव खेळल्या. शेरा अजून तसाच आहे.

त्या मुलीला मावशींनी चिंचोके टाकायला लावले आणि कन्नडमध्ये विचारलं. “ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु” करत ती वीसवर गेली, तिथे चिंचोके संपले म्हणून थांबली. मावशी कन्नड बोलतात हे मला दीड वर्षात माहीत नव्हतं.

पेपरवाल्याचं मात्र काही जमलं नाही. कणीक बघून “हे बायकांचं काम” म्हणाला. आजोबांशी बोलावं लागणार.

एक शंका आहे. चिंचोके फोडताना निम्मे चुरा होतात. पाच अर्धुके मिळवायला मी वीसेक वाया घालवते. काही युक्ती?

सेविका_परभणी

फोडूच नका ताई. अख्खा चिंचोका ओल्या फरशीवर एका बाजूने घासा, साल जाऊन पांढरं दिसतं. पेपरवाल्यालाच द्या घासायला, बोटांना तेवढीच मेहनत, आणि हे काही बायकांचं काम नाही म्हणावं.