आजीची पैठणी लग्नात: नेसण्याआधी बघा

आजीची जुनी पैठणी ड्रायक्लीन करून नवरीला सरळ नववारी नेसवा, असा सल्ला मिळतो. ड्रायक्लीनचं नंतर बघू, आधी साडी उजेडासमोर धरा. रेशीम सर्वांत आधी घडीवर विरतं, त्यातही जड जरीकाठाला लागून. तिथे बारीक फटी दिसल्या तर काष्टा विसराच. पाटावर बसताना मागे टर्रकन फाटेल, आणि रफू केलं तर शेजारून उसवेल.

पदर धड असेल तर त्याचा अंतरपाट करा. पदर आणि लागून थोडी साडी मिळून सव्वा मीटर, मागे धुऊन आटवलेल्या मऊ सुती कापडाचं अस्तर, कडेने हातशिलाई. मशीनचे घट्ट टाके जुनं रेशीम कापतात. कुंकवाचं स्वस्तिक थेट रेशमावर नको, डाग जात नाही. पांढऱ्या सुती तुकड्यावर काढून तो टाचा. अक्षताही आदल्या दिवशी रंगवून खडखडीत वाळवा, ओल्या असल्या की लाल ठिपके सोडतात. (हे भटजी सांगत नाहीत!)

आजीची नथही घालायची असेल, तर तिचं सोपं आहे. नाक टोचलेलं नसेल तर सोनाराकडून चापाची करून घ्या, मात्र तार बदलण्याआधी फोटो काढा, म्हणजे मोती त्याच क्रमाने ओवले जातील. घालायची अत्तर-हेअरस्प्रे झाल्यावरच, नाहीतर मोत्यांची झळाळी जाते.