मदत हवी आहे: वडिलांच्या हृदयाच्या सीटी अँजिओग्राफीसाठी ६४ स्लाइसचे यंत्र पुरेल का?

नमस्कार. आम्ही देवगडजवळच्या एका गावात राहतो. बाबांना (वय ६८) चढण चढताना छातीत दडपण येते, म्हणून डॉक्टरांनी सीटी कॉरोनरी अँजिओग्राफी (शिरेतून डाय, म्हणजे चित्रात धमन्या उठून दिसण्यासाठीचे औषध, देऊन काढलेले हृदयाच्या धमन्यांचे सीटी चित्र) सुचवली आहे. जवळच्या केंद्रात ६४ स्लाइसचे (एका फेरीत ६४ काप टिपणारे) यंत्र आहे. ड्युअल सोर्स (क्ष-किरणांच्या दोन नळ्या असलेल्या, अधिक वेगवान) यंत्रासाठी मात्र घाट चढून कोल्हापूर गाठावे लागेल, असे कळते.

मुख्य काळजी नाडीची आहे. हृदयाच्या धमन्या जेमतेम दोन ते चार मिलिमीटर रुंदीच्या आणि सतत हलत्या असतात, त्यातही उजवी धमनी सर्वांत वेगाने हलते. त्यामुळे दोन ठोक्यांमध्ये हृदय क्षणभर विसावते तेवढ्यातच चित्र टिपावे लागते, आणि नाडी मिनिटाला ६० ते ६५ च्या खाली असेल तर तो विसावा पुरेसा मिळतो. बाबांची नाडी बसल्या जागी ८४ असते. एरवी ती उतरवण्यासाठी मेटोप्रोलॉल देतात, पण ते दम्यात त्रासदायक ठरू शकते आणि बाबांना जुना दमा आहे. त्यांच्यासारख्यांना इव्हाब्रॅडिन (नाडी उतरवणारे दुसरे औषध) देऊन नाडी पुरेशी खाली येते का? की ड्युअल सोर्स यंत्र नळ्यांच्या पाव फेरीतच चित्र पूर्ण करते, म्हणून एवढ्या नाडीला तेच गाठणे शहाणपणाचे ठरेल?

दुसरी शंका कॅल्शियमची. मधुमेह जुना असल्यामुळे धमन्यांत ते साचलेले असण्याची शक्यता बरीच आहे. कॅल्शियमचा थर चित्रात प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो आणि मोकळी वाटही अरुंद भासते; हा दोष केवळ वेगवान यंत्राने जात नाही. म्हणून आधी डायशिवाय कॅल्शियम स्कोअर (धमन्यांत किती कॅल्शियम साचले आहे याचा सीटीवरून काढलेला आकडा) काढून, तो फार जास्त आला तर सीटी अँजिओग्राफी न करता थेट कॅथेटरच्या (धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन केलेल्या) अँजिओग्राफीचा विचार करावा, असे डॉक्टरांना सुचवणे योग्य होईल का?

वजन बेताचेच असल्याने त्या बाजूने अडचण नसावी. श्वास दहा-बारा सेकंद रोखण्याचा सराव आम्ही घरी सुरू केला आहे, कारण मध्येच खोकला आला तर चित्र हलते.

बाबांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) १.४, म्हणजे थोडे जास्त आहे, आणि डायचा भार मूत्रपिंडावर पडू शकतो. चित्र अस्पष्ट आल्याने पुन्हा डाय देण्याची वेळ मला कोणत्याही परिस्थितीत येऊ द्यायची नाही. रेडिओलॉजीत काम करणाऱ्यांनी किंवा अशा रुग्णाची तपासणी करून घेतलेल्यांनी कृपया सांगावे, की तारीख घेण्याआधी केंद्राला नेमके कोणते प्रश्न विचारावेत, आणि नाडी उतरली नाही तर डाय देण्यापूर्वीच तपासणी थांबवण्याची पद्धत तेथे असते का?