शब्दचर्चा : ‘इजेक्टा’ला मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम :
एका विज्ञानलेखाचं भाषांतर करतेय आणि तीन दिवस एकाच शब्दावर अडलेय. इजेक्टा. अशनी आदळला की खड्ड्यातून उडून आजूबाजूला पडतं ते, ज्वालामुखीतून उडतं ते, आणि तारा फुटल्यावर अवकाशात जातं ते. मूळ लेखकाला तिन्हींसाठी हा एकच शब्द पुरतो. मी पहिल्या खर्ड्यात सरसकट ‘उत्सर्जित पदार्थ’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी समासात शेरा मारला, ‘उत्सर्जन वाचलं की मला शाळेच्या पुस्तकातलं मूत्रपिंड दिसतं.’ हसले, पण मुद्दा खरा आहे. शिवाय प्रकाशाचंही उत्सर्जनच होतं, त्यामुळे ताऱ्याच्या परिच्छेदात दुहेरी घोळ. सुचवा.

फुकट सल्ला :
मलबा. विषय संपला.

अर्धविराम :
मलबा हिंदी बातम्यांतून आलाय. तेही सोडा, इमारत पडल्यावर खाली उरतो तो मलबा. आपला राडारोडाही तसाच, एका जागी पडून असलेला. मला उडालेलं हवंय.

लोणारचा भाचा :
ताई, शब्द माझ्याकडे नाही, पण वस्तू दाखवतो. माझं आजोळ लोणारजवळचं. विवराचा व्यास सुमारे १.८ किमी, हे सगळे सांगतात. लोक काठावर येतात, पाण्याकडे बघतात, फोटो काढतात आणि जातात. मागे वळून कुणी बघत नाही. काठ भोवतालच्या शिवारापेक्षा वीसेक मीटर उंच आहे आणि तिथून बाहेरच्या अंगाला जमीन हळूहळू उतरत जाते. हा उतार म्हणजेच तुमचं इजेक्टा. काठापासून साधारण १,३५० मीटरपर्यंत ते पसरलंय, त्यावर लोकांची शेतं आहेत.

आता विहीर खणताना आठवा. आधी काळी माती निघते, मग मुरूम, शेवटी सुरुंग लावून फोडलेला दगड. बाहेरच्या ढिगात मात्र दगड सगळ्यात वर आणि काळी माती तळाला. क्रम पालथा. विवराच्या काठावर नेमकं हेच होतं, फक्त विहिरीला दोन उन्हाळे लागतात आणि इथे काही क्षणांत उरकतं. खालचे थर उलटून वरच्या थरांवर येऊन पडतात. लोणारला बेसॉल्टचे थर काठावर असे दुमडलेले सापडतात, पण सगळाच दगड काळा, त्यामुळे नवख्याला कळत नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या विवरावर थरांचे रंग वेगवेगळे, तिथे उलटापालट डोळ्यांना दिसते. मामा विहिरीच्या ढिगाला नुसतं ‘निघालेलं’ म्हणतो. तुमच्या लेखात चालणार नाही, माहीत आहे.

जुना मास्तर :
‘क्षिप्’ म्हणजे फेकणे, त्या धातूच्या घरात शोधा. पण तिथली बरीच मंडळी आधीच कामाला लागलेली आहेत. प्रक्षेपण टीव्हीने नेलं. प्रक्षिप्त म्हटलं की पोथीत मागाहून घुसडलेल्या ओव्या. अवक्षेप परीक्षानळीच्या तळाशी बसला. निक्षेप म्हणजे साचलेला थर. उरला ‘उत्क्षेप’. वैशेषिक दर्शनात कर्माचे पाच प्रकार सांगितलेत, त्यात पहिलंच उत्क्षेपण. मूळ लॅटिन शब्द क्रियेचा नाही, फेकल्या गेलेल्या वस्तूंचा आहे, नपुंसकलिंगी अनेकवचन. तेव्हा फेकण्याला उत्क्षेप आणि फेकलेल्याला उत्क्षिप्त.

खगोलवेडी :
सर, ‘उत्’ म्हणजे वर ना? अवकाशात वर कुठलं आलं?

जुना मास्तर :
उद्गार तोंडातून वर जातो का? बाहेर येतो. ‘उत्’ला दोन्ही चालतं.

खगोलवेडी :
मान्य. मग ताऱ्यांचं मी सांगते, कारण भाषांतरात इथे हमखास चूक होते. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, अतिदीप्त नवतारा (सुपरनोव्हा) दिसला. त्याच्या छायाचित्रांत एक सुंदर चमकती कडी दिसते आणि लोक खाली लिहितात, ‘स्फोटात बाहेर फेकलेला वायू’. चूक. ती कडी ताऱ्याने स्फोटाच्या सुमारे २०,००० वर्षं आधीच सोडलेल्या वायूची आहे. स्फोटात उडालेलं द्रव्य मागून आलं आणि वाटेतल्या त्या कडीवर आदळलं, म्हणून ती पुन्हा उजळली. तेव्हा कडीच्या वायूला ‘ताऱ्याने सोडलेला’ म्हणा आणि स्फोटातल्याला ‘उत्क्षिप्त’. ‘अवशेष’ तिसराच. त्यात उत्क्षिप्त आलं आणि त्याने वाटेत ढकलत गोळा केलेला आंतरतारकीय वायूही आला.

काळा पाषाण :
ज्वालामुखीवाल्यांचा स्वतःचा शब्द आहे, टेफ्रा. ॲरिस्टॉटलने वापरलेला ग्रीक शब्द, आइसलँडचे भूवैज्ञानिक थोरारिन्सन यांनी १९४० च्या दशकात पुन्हा चलनात आणला. अर्थ राख. पण मराठीत राख म्हणजे जळून उरलेलं, आणि ज्वालामुखीची राख जळलेली नसतेच. ते २ मिमीहून बारीक दगडाचे नि काचेचे तुकडे असतात. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीकाठी अशा राखेचा थर आहे, तीन हजार किमीहून लांब सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची. भिंगाखाली धरली तर फुटलेल्या बुडबुड्यांच्या काचेसारख्या वाकड्या कपच्या दिसतात. इतकी लांब कशी आली, तर उफणणी आठवा. दाणा पायाशी, भुसा वाऱ्यावर. ६४ मिमीहून मोठे तुकडे ज्वालामुखीच्या आसपासच पडतात. बोरीच्या राखेच्या वयावर मात्र जोरदार वाद आहे, ७४,००० वर्षं की सात-आठ लाख. तिथल्या दगडी हत्यारांचं वयही त्यावरच टांगलेलं. आणि ती राख पुढे नदीने हलवून साचवली, म्हणून तिथे सरांचा ‘निक्षेप’ही बरोबर बसतो.

खगोलवेडी :
मलबावाल्यांसाठी एक राहिलंच. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाने डार्ट यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. तो डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. त्याची फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती, ती ११ तास २३ मिनिटांवर आली. यान नुसतं रुतून बसलं असतं तर जेवढा रेटा बसला असता, त्याच्या साधारण साडेतीनपट बसला. जास्तीचा रेटा उडालेल्या दगडमातीने दिला, बंदूक खांद्याला झटका देते तसा. काम उडण्याने झालं, पडून राहण्याने नाही.

फुकट सल्ला :
मलबा मागे घेतो.

अर्धविराम :
सगळ्यांचे आभार. ‘उत्क्षिप्त द्रव्य’ पक्कं केलं, पहिल्यांदा येतं तिथे ‘आघाताने वा स्फोटाने बाहेर फेकलं गेलेलं’ असं खुलासेवार लिहिलं आणि ज्वालामुखीच्या भागात टेफ्रा ठेवला. मजकूर जुळणीला गेला. आज मुद्रित आलं. शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राला उत्क्षिप्त ठाऊक नाही, त्याने परस्पर दुरुस्त केलंय : ‘लोणारच्या काठावर विक्षिप्त मोठ्या प्रमाणात आढळतात.’

लोणारचा भाचा :
ताई, रविवारी आढळतात. राहू द्या.