ल्यों पाहिलंय का कुणी? अनुभव लिहा

मे महिन्यात फ्रान्सचं ठरतंय. पॅरिस सगळेच करतात, मला ल्यों बघायचंय, रोमनांनी इ.स.पू. 43 मध्ये वसवलेलं शहर म्हणे. जे गेलेत, राहिलेत त्यांनी लिहा ना, गाइडबुकातलं नको.

*

मी शिकायला होते तिथे. जुन्या ल्योंमध्ये ट्राबूल चुकवू नकोस, म्हणजे घरांच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर निघणारे बोळ. बाहेरून साधं बंद दार दिसतं, शेजारचं बटण दाबायचं, दार ढकलायचं की आत अंधारा बोळ आणि पुढे एकदम गुलाबी-पिवळा चौक, गोल जिना, कुणाच्या तरी टपालपेट्या. लोक राहतात तिथे, त्यामुळे आवाज नको आणि सकाळीच जा, दुपारनंतर बरीच दारं उघडत नाहीत.

*

+१, पण क्रुआ-रूसची टेकडी जास्त बघ. रेशीम विणणाऱ्यांची वस्ती, घरांची छतं चांगली चारेक मीटर उंच, कारण जॅकार्डचे (नक्षीदार कापड विणणारे) उंच माग आत मावायला हवेत ना. 1831 मध्ये मजुरीच्या दरावरून या विणकरांनी उठाव केला आणि काही दिवस शहरच ताब्यात घेतलं. गिरणगावात वाढलेल्या माझ्यासारख्याला तिथून पाय निघत नव्हता. समोरच्या फूर्विएर टेकडीवरचं चर्च मात्र मला अति नटवलेलं वाटलं, वरून दिसणाऱ्या दोन नद्या भारी.

*

शाकाहारी असाल तर बूशाँमध्ये (तिथली पारंपरिक खानावळ) मेन्यू नीट वाचा, आतडी-बितडीच जास्त. आम्ही लसूण-हर्ब्ज घातलेलं मऊ चीज नि ब्रेड यावर निभावलं, वर गुलाबी प्रालीन टार्ट, गोड म्हणजे गोडच!

*

सिनेमावाल्यांनो, मेट्रो डी पकडून मोंप्लेझीर-ल्युमिएरला उतरा. 1895 मध्ये ज्या कारखान्यातून कामगार बाहेर पडताना ल्युमिएर बंधूंनी (सिनेमाचे आद्य प्रवर्तक) चित्रित केले त्याची शेड अजून आहे. आणि याच ल्युमिएरांची चलच्चित्रं 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली होती, म्हणजे आपलं जुनंच नातं.

*

चर्चबद्दल असहमत, पण असो. त्याच टेकडीवरच्या रोमन थिएटरात जून-जुलैत नाटकं, गाणी होतात, दगडी पायऱ्यांवर बसून बघायची. मेमध्ये ते हुकणार, प्रवासाची तिकिटं काढली नसतील तर जूनला ढकल.